चित्ररथ मिरवणुकीचे फोटो काढायचेत. कॅमेरा ऑटोवरून उतरवायचा कसा?

शहापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यंदा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या फोटोंचं काम मंडळाने माझ्या गळ्यात घातलंय. कारण एवढंच, की गल्लीत 'मोठा कॅमेरा' माझ्याकडे आहे. साधा क्रॉप सेन्सरचा (रोलच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स, बस्स. तिपाई नाही, फ्लॅश म्हणजे वर उघडतो तो.

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे शिवजयंती वैशाखात, तिथीने. चित्ररथ निघतात ते रात्री. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा, त्यावर रंगीत एलईडी, पुढे लेझीम नाहीतर झांजपथक, आणि गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. देखाव्यावर डोळे दिपतील एवढा उजेड, चार हात बाजूला काळोख.

एफ नंबर (लेन्सचं छिद्र किती उघडं; आकडा लहान तेवढा उजेड जास्त), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (उजेडाचा सिग्नल किती वाढवायचा) म्हणजे काय ते वाचलंय. पण तिथं उभं राहिल्यावर आधी काय फिरवायचं? सांगा कुणीतरी.

एफ_अठरा

एम मोडवर टाक आणि शिक. ऑटो आयएसओ, प्रोग्रॅम मोड ही सगळी कुबड्यांची कामं. मॅन्युअल येत नसेल तर फोनने काढ, कशाला ओझं वाहतोस?

निपाणीचे_काका

अरे मर्दा, आल्या आल्या कुबड्या काय काढतोस. आम्ही रोलच्या जमान्यात लग्नं केली. मॅन्युअल करायचो कारण दुसरा इलाजच नव्हता. रोल घातला की ३६ फोटो होईपर्यंत आयएसओ तोच, शंभर तर शंभर. ऊन कडक असेल तर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे १०० च्या रोलला साधारण १/१००. हा हिशेब अजून खरा आहे, डिजिटलवर लावून बघा. पण मांडवात उजेड बदलला की आमची जी पळापळ व्हायची, ती आताच्या पोरांनी हौसेनं का करायची? मिरवणुकीत दर दहा पावलांवर उजेड बदलतोय. तिथं तीनही गोष्टी हातानं फिरवत बसलास तर चित्ररथ कपिलेश्वर मंदिरापर्यंत जाईल आणि तू अजून डायलच बघत असशील.

मलप्रभाकाठची

काकांशी सहमत. शहापूरकर, फोटो काढण्याआधी स्वतःला एकच विचार: यातलं काय बिघडलेलं मला अजिबात चालणार नाही? त्या एका गोष्टीचा आकडा तू धर, बाकीचं कॅमेऱ्याला करू दे. मिरवणुकीत ती गोष्ट म्हणजे शटर.

देखाव्यातली मुलं पोज धरून असतात, पण ट्रॉली सरकत असते आणि मागून तुला धक्के बसत असतात. त्याला १/१०० पुरतं. लेझमीचे हात थांबवायचे तर १/२५० च्या खाली येऊ नकोस. हातात धरून काढण्याचा जुना नियम असा, की शटर लेन्सच्या फोकल लांबीपेक्षा (तो १८, ५५ चा एमएमचा आकडा) हळू नको. क्रॉप सेन्सरवर त्याची दीडपट धर, म्हणजे ५५ ला १/८० च्या वरच राहायचं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं, लेझीम खेळणाऱ्याचा नाही.

आता १/१०० च का? आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. शटर १/१०० किंवा १/५० असलं की प्रत्येक फ्रेममध्ये ते चढउतार पूर्ण बसतात आणि उजेड सारखा येतो. १/५०० वर तोच दिवा एका फोटोत उजळ आणि पुढच्यात मंद दिसेल, किंवा फ्रेमवर आडवे पट्टे येतील.

तेव्हा एस मोड, म्हणजे शटर तू ठरवायचं, बाकी कॅमेरा (कॅननवर टीव्ही लिहिलेलं असतं), शटर १/१००, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. अंधारात कॅमेरा आपणहून लेन्स पूर्ण उघडतो आणि उरलेली तूट आयएसओने भरून काढतो. आयएसओचं कसं आहे, देवळातल्या कर्ण्याचा आवाज वाढवला की भजनाबरोबर खरखरही वाढते. पण खरखरीचा फोटो मंडळ फ्लेक्सवर लावतं. हललेला फोटो कुणी लावत नाही.

आणखी एक. मागे सगळा काळोख असतो ना, त्याला कॅमेरा फसतो. त्याला वाटतं दृश्य फार अंधारं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि महाराजांच्या चेहऱ्याचा नुसता पांढरा डाग होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायचं बटण, उणे १ वर ने. हे बटण ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं असं मी समजते.

शहापूरकर

हे कळलं ताई. आता लेन्सचं सांगा. एक मित्र म्हणतोय ५० एमएम एफ/१.८ घे, सेकंडहँड मिळतेय.

वडगावचा_माग

घे, पण काय घेतोयस ते समजून घे. तुझी १८-५५ लेन्स १८ ला एफ/३.५ आणि झूम करून ५५ ला गेलास की एफ/५.६. म्हणजे नुसत्या झूमने दीडएक स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). १८ ला जिथं आयएसओ १२०० लागलं तिथं ५५ ला ३२०० लागेल. म्हणून किट लेन्सवाल्यानं झूम न करता पुढं सरकावं. ५० ची एफ/१.८ उघडली तर एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. ऐकायला लई भारी.

पण फोकसचं काय? समज देखावा तुझ्यापासून ३ मीटरवर आहे. ५५ ला एफ/५.६ वर साधारण २.७ ते ३.४ मीटरमधलं स्पष्ट येईल. ५० ला एफ/१.८ वर ही पट्टी उरते पाव मीटर. पुढचा मावळा टकाटक, त्याच्या मागचे महाराज धूसर. चेहरा एकच पाहिजे असेल तर एफ/१.८ सारखं काही नाही, दोन रांगांचा देखावा असेल तर निदान एफ/४ पाहिजे.

फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नको. तो सगळ्यात जवळचं काहीतरी पकडतो, बहुतेक वेळा पुढच्या माणसाचा मोबाईल धरलेला हात. एकच पॉइंट ठेव, मधला चालेल, जुन्या कॅमेऱ्यात तोच सगळ्यात पक्का असतो. तो जवळच्या डोळ्यावर. डोळा अंधारात असेल तर चेहऱ्याइतक्याच अंतरावरची काठाची जागा शोध: कवड्यांची माळ, फेट्याची जर. ऑटोफोकसला गडद-फिकट अशी कड लागते, एका रंगाच्या भगव्या कापडावर तो नुसता मागंपुढं करत बसतो. चालत्या लेझीमपथकाला कंटिन्युअस फोकस, ट्रॉलीवरच्या थांबलेल्या माणसांना सिंगल.

एफ_अठरा

मधल्या पॉइंटने फोकस करून कॅमेरा वळवायचा? एफ/१.८ वर जवळून तसं केलंस तर डोळ्याऐवजी कानच स्पष्ट येईल.

वडगावचा_माग

हे मात्र बरोबर बोललास. उघड्या लेन्सवर पॉइंटच डोळ्यापाशी सरकवावा. एफ/४ च्या पुढं तेवढा फरक पडत नाही.

आणि गर्दीत डोक्यावर कॅमेरा धरून काढायची वेळ येईल, ती येणारच. तेव्हा १८ वर ये, साडेचार-पाच मीटरवरच्या कशावर तरी फोकस कर आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर टाक. एफ/३.५ वर सुद्धा अडीच मीटरपासून लांबपर्यंत चालण्याजोगं येतं. मग नुसतं वर धरून दाबत सुट. दिवसा एफ/८ असेल तर २ मीटरवर फोकस ठेव, १ मीटरपासून पुढं सगळं तुझं. झूमला तेवढा हात लावू नको, नाहीतर सगळं गणित बोंबललं.

खडेबाजार

आमच्यासारख्या फोनवाल्यांचं काय?

मलप्रभाकाठची

आधी लेन्स पुसा, शर्टाला नाही, मऊ कापडाने. रात्रीच्या दिव्यांभोवती जो धुरकट पसारा दिसतो त्यातला बराचसा बोटांचा तेलकटपणा असतो. मुख्य लेन्सच वापरा, झूमची लेन्स रात्री आंधळी असते. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथं अडकतात, मग शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. नाइट मोड एकापेक्षा जास्त फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे उभ्या देखाव्याला छान आणि लेझमीला निरुपयोगी. पोर्ट्रेट मोड फेट्याचा तुरा हमखास खातो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर १/१०० तिथंही लावता येतं. छिद्राचा आकार बहुतेक फोनमध्ये बदलत नाही, त्यामुळे खेळ शटर आणि आयएसओ या दोघांचाच.

निपाणीचे_काका

तांत्रिक झालं भरपूर. आता उभं कुठं राहायचं ते बोला. मला विचाराल तर निम्मा फोटो तिथंच होतो.

शहापूरकर, मिरवणुकीच्या आधी संध्याकाळी सायकलवरून रस्ता बघून ये. रामलिंग खिंड गल्लीसारख्या अरुंद ठिकाणी दोन्ही बाजूंच्या घरांच्या रेषा आपोआप चित्ररथाकडं जातात, त्या वापर. ओळखीच्या घराचा पहिला मजला मिळाला तर सोनं, पण सगळे फोटो वरून काढू नको, वरून माणसं बुटकी होतात. ट्रॉलीवरचा महाराजांचा देखावा खालून, गुडघ्यावर बसून. मागं काय येतंय ते बघ. वीजेच्या तारा, बँकेची पाटी, गुटख्याची जाहिरात, सगळं महाराजांच्या डोक्यातून उगवतं. एक पाऊल डावीकडं सरकलं की जातं. तेवढं एक पाऊल कुणी सरकत नाही.

आणि सगळा चित्ररथ एका फोटोत कोंबायची हौस नको. तो एक फोटो मंडळाला लागतोच, तो काढ आणि मोकळा हो. मग बघ: जिजाऊ झालेल्या पोरीला खालून पाणी देणारी तिची आई. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, सगळ्या गोंधळात एकटा शांत. हलगीवाल्याची बोटं. लोकांच्या खांद्यांमधून, दोन डोक्यांच्या मधून काढ, ती डोकीच चौकट होतात.

एफ_अठरा

रूल ऑफ थर्ड्स सांगा ना मग. फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणारी ग्रिड चालू करा, विषय त्या रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवा. हे तरी मान्य आहे का सगळ्यांना?

निपाणीचे_काका

सवय लागेपर्यंत ठीक. विषय सारखा मधोमध बसवायची खोड तेवढी जाते. बघणाऱ्याच्या किंवा चालणाऱ्याच्या पुढं जागा जास्त ठेवायची, हे त्याहून कामाचं. पण किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या (जैन मंदिराच्या) छतातलं कमळ तू कोपऱ्यात ढकलणार आहेस काय? तिथं बरोबर मधोमधच पाहिजे, इंचभर हललं तरी डोळ्याला खुपतं.

हलशीची_पायवाट

कमल बस्तीचं निघालंच आहे तर सांगतो. किल्ल्यातली ही बस्ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. ते कमळ मान वर करून हातात कॅमेरा धरून कधीच सरळ येत नाही. कॅमेरा बरोबर मध्याखाली, फरशीवर पाठीवर झोपवा, लेन्स वर. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) मध्य जुळवा, फोकस हाताने, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. हलण्याचा प्रश्नच नाही म्हणून आयएसओ १००, एफ/८, शटर कितीही लांबू दे. तिपाई नेऊ नका, संरक्षित स्मारकांमध्ये तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिथं कॅमेरा खालीच.

आत काळोख आणि दारात लख्ख ऊन असेल तर एका फोटोत दोन्ही मिळत नाही. एक ठरवा. किंवा कॅमेऱ्यात ब्रॅकेटिंग लावून उणे २, शून्य, अधिक २ असे तीन घ्या आणि घरी जोडा. जोडताना हात आवरता ठेवा. पाषाण चमचमायला लागला की देऊळ कसलं, थर्माकोलचा सेट वाटतो.

हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात गेलात तर बाहेरचं कोरीवकाम सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात बघा. कडेने ऊन आलं की प्रत्येक खाचेला सावली मिळते. भर दुपारी तेच सपाट. गडद दगड फ्रेमभर असेल तर कॅमेरा तो उगाच उजळ करतो, उणे २/३ करा.

मलप्रभाकाठची

आणि जांबोटी-कणकुंबीच्या धुक्यात बरोबर उलटं. धुकं पांढरं, कॅमेरा त्याला मधल्या राखाडीवर ओढतो, फोटो मळकट येतो. अधिक २/३ ते अधिक १ करायचं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायची सवय लावा: त्यातला डोंगर उजव्या बाजूला झुकलेला हवा, पण उजव्या भिंतीला आपटलेला नको. मागच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका, पावसाळी उजेडात तो नेहमीपेक्षा उजळ वाटतो.

धुक्यात फोकस मिळत नाही अशी तक्रार येते. जवळचं एखादं खोड धरा, नाहीतर मॅन्युअल. रुंद लेन्सपेक्षा लांब लेन्सने धुकं चांगलं येतं, झाडांच्या एकामागे एक रांगा फिकट होत जाताना दिसतात. गाडीत एसी लावून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्यांनो, उतरायच्या बऱ्याच आधी तो बंद करा. थंड लेन्स दमट हवेत काढली की पांढरी होते, आणि आपण पुसत बसतो तोवर धुकं निघून जातं.

खानापूर भागात रोप लावणीच्या वेळी चिखलातल्या पाण्यात आभाळ उतरलेलं असतं. ते हवं असेल तर पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, तो पाण्यावरचं प्रतिबिंबच खातो आणि वर दीड-दोन स्टॉप उजेडही. बांधावर बसून काढा. आणि आधी विचारा. कंबर वाकवून काम करणाऱ्या बाईला न विचारता मागून काढलेले फोटो मला बघवत नाहीत, मग त्यात उजेड कितीही सुंदर असो.

गोकाकची_चिमणी

धबधब्याचं पण घ्या ना. सगळ्यांचं पाणी कसं गुळगुळीत येतं, माझं नाही येत.

वडगावचा_माग

शटर १/४ ते १ सेकंद, तिपाई, आयएसओ १००, एफ/११. दिवसा एवढा उजेड कमी होत नाही, म्हणून एनडी फिल्टर, लेन्सपुढची गडद काच. एनडी८ म्हणजे ३ स्टॉप. एफ/२२ पर्यंत बंद करून उजेड कमी करू नका, क्रॉप सेन्सरवर सगळा फोटो मऊ पडतो. तिपाईवर स्टॅबिलायझेशन बंद.

पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर गोकाकला हे करू नये. पावसाळ्यात घटप्रभा तांबडी, जाड आणि रुंद असते. लांब शटरने तिचा नुसता तपकिरी पडदा होतो, जोर निघून जातो. तिथं १/५०० वर जा, पाण्याचे फुटलेले ठोकळे दिसू देत. आणि फ्रेममध्ये माणूस पाहिजेच. कडा ५२ मीटरचा आहे हे फोटो बघून कुणाला कळणार? झुलत्या पुलावरची ठिपक्याएवढी माणसं आली की कळतं. गुळगुळीत पाणी वज्रपोह्यासारख्या जंगलातल्या धबधब्याला शोभतं, तेही लांबून, परवानगी काढून.

शहापूरकर

मिरवणूक झाली मंडळी! पहाटेपर्यंत होतो. १/१०० आणि उणे १ ने जीव वाचवला. चार फोटो टाकलेत, बघा. दुसऱ्यात १/१०० असूनही जांभळे पट्टे का आलेत? बाकी चित्ररथांवर नाहीत, याच एकावर.

मलप्रभाकाठची

तो स्वस्त एलईडी पट्टीचा कारभार. डिमर लावलेल्या पट्ट्या त्यांच्या स्वतःच्या लयीत लुकलुकतात, ५० हर्ट्झशी संबंध नसतो. अशा वेळी शटर हळू कर, १/६०, १/५०, १/४०, पट्टे कमी होईपर्यंत. नाहीतर त्या चित्ररथाला पांढऱ्या हॅलोजनच्या बाजूने पकड. या फोटोची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल असेल तरी पट्टे पूर्ण जाणार नाहीत. कृष्णधवल करून बघ, रंग गेला की निम्मे लपतात.

पहिल्या फोटोत चेहरे हिरवट आहेत, ते मात्र रॉ असेल तर व्हाइट बॅलन्सने (रंगाची छटा बदलून) सुधारेल. फेट्याचा रंग फार पिळू नकोस, रात्री भगवा लवकर फुटतो आणि एक सपाट ठिगळ होतो.

एफ_अठरा

चौथा चांगला आहे. शटर किती होतं?

शहापूरकर

१/१५. लेझीमवाल्या पोराबरोबर कॅमेरा वळवत गेलो. बरेच वाया गेले, हा एक लागला. चेहरा धरला आणि हात वाहून गेले.

एफ_अठरा

एस मोडवरच?

शहापूरकर

एस मोडवर, ऑटो आयएसओ :)

निपाणीचे_काका

त्याला डिवचू नको रे. तिसरा फोटो, ड्रायव्हरचा, तो मंडळाला देताना कापू नको. डावीकडं जो काळोख मोकळा सोडलायस त्यामुळंच तो एकटा वाटतोय. मंडळवाले म्हणतील जवळून हवा, ऐकू नको.

खडेबाजार

पाऊस लागला की कणकुंबीला जाऊया का सगळे? धुकं, रोप लावण, ताईंनी सांगितलेलं सगळं एकदा प्रत्यक्ष करून बघू. जळवांचं काय करायचं तेवढं सांगा.

निपाणीचे_काका

मोज्यांना तंबाखूचं पाणी. तंबाखू मी आणतो, आमच्या गावात त्याला तोटा नाही. कॅमेऱ्याला शॉवर कॅप ज्याची त्यानं आणायची.